इशारा सर्वांसाठी, तोटा मात्र एकाचाच

पावसाचा अंदाज हा एके काळी शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या जिव्हाळ्याचा विषय होता. शहरातला नोकरदार तो ऐकत असे, पण फार तर छत्री बरोबर घ्यावी की नाही, एवढे ठरविण्यापुरता. आज ही स्थिती पालटली आहे. वेधशाळेने रायगड, रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यासाठी कोणत्या रंगाचा इशारा दिला आहे, यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या किती मोटारी घाटाकडे वळणार, अलिबाग-मुरूडच्या किती खोल्या रिकाम्या राहणार आणि लोणावळ्यातील खोलीचे भाडे किती चढणार, हे ठरू लागले आहे. हवामानाचा अंदाज ही आता पर्यटनाच्या बाजारात भाव ठरविणारी एक शक्ती बनली आहे. या शक्तीचा लाभ कोणाला मिळतो आणि तिच्यापायी होणारा भुर्दंड कोणाच्या माथी बसतो, हा प्रश्न त्यामुळे केवळ हवामानशास्त्राचा राहत नाही. तो अर्थशास्त्राचा आणि त्याहून अधिक न्यायाचा होतो.

हवामानाचा अंदाज ही सार्वजनिक खर्चाने निर्माण होणारी सेवा आहे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि १८८६ पासून मोसमी पावसाचे दीर्घ मुदतीचे अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘मिशन मौसम’ या योजनेसाठी दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटर इतक्या बारीक चौकटीत अंदाज देणारी प्रणाली कार्यान्वित झाली. अर्थशास्त्राच्या परिभाषेत अंदाज ही ‘सार्वजनिक वस्तू’ होय. एकाने तिचा उपयोग केल्याने दुसऱ्याच्या वाट्याची ती कमी होत नाही. परंतु वस्तू सार्वजनिक असली म्हणजे तिचे फळही सर्वांना सारखे मिळते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पर्यटनाच्या व्यवसायात तर ते मुळीच तसे मिळत नाही.

खोली हा नाशवंत माल

याचे कारण या व्यवसायाच्या स्वरूपातच आहे. मुक्कामाची खोली हा अत्यंत नाशवंत माल होय. आज रात्री जी खोली रिकामी राहिली, तिचे भाडे उद्या दुप्पट करून वसूल करता येत नाही. संध्याकाळ झाली की बाजारातील कोळीण मासळीचा भाव उतरवते, त्याच न्यायाने हॉटेलवालाही रिकाम्या खोलीचा भाव उतरवतो आणि मागणी दिसली की चढवतो. मोठ्या हॉटेलांत हे काम आता संगणक करतो. शुक्रवारच्या अंदाजाने मागणी हलली की दरपत्रकही त्याबरोबर हलते. शिवाय अशा हॉटेलांत एकाच खोलीचे दोन दर असतात. बेत रद्द केल्यास पैसे परत मिळण्याचा एक आणि कोणत्याही परिस्थितीत परत न मिळण्याचा, जरा स्वस्त असा दुसरा. या दोन दरांतील फरक म्हणजे अनिश्चिततेची किंमतच होय. आणि सह्याद्रीत व कोकणात पावसाळ्याच्या दिवसांत ही अनिश्चितता बहुतांशी हवामानाचीच असते. मोठा व्यावसायिक ती ग्राहकाला विकून मोकळा होतो.

दिवेआगर, दापोली किंवा गुहागर येथे घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या बांधून पाहुणे ठेवणाऱ्या कुटुंबाची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेने आणि राज्याच्या २०२०च्या कृषी पर्यटन धोरणाने अशा कुटुंबांना उत्तेजन दिले, हे योग्यच झाले. पण या कुटुंबाचा दर एकदा फोनवर सांगितला की बदलत नाही. आगाऊ रक्कम थोडी असते, कधी नसतेही. पाहुणे बहुधा कोणाच्या तरी ओळखीने आलेले असतात. दूरदर्शनवर नारिंगी पट्टी झळकली की शुक्रवारी रात्री फोन येतो आणि बेत रद्द होतो. तोवर मासळी सांगून ठेवलेली असते, स्वयंपाकाला मदतीला येणाऱ्या बाईला शब्द दिलेला असतो. आगाऊ रक्कम ठेवून घ्यावी तर पुढल्या वर्षीचे गिऱ्हाईक तुटते, परत करावी तर झालेला खर्च अंगावर पडतो. जी अनिश्चितता मोठा हॉटेलवाला विकू शकतो, ती या कुटुंबाला सोसावी लागते.

पावसाचा अंदाज सर्वत्र मागणी घटवितोच, असेही नाही. समुद्रकिनाऱ्यावर जी बातमी बेत रद्द करावयास लावते, तीच बातमी लोणावळा, माळशेज आणि भंडारदरा येथे गर्दी खेचून आणते, कारण तेथे धबधबा आणि धुके हाच विक्रीचा माल असतो. ‘घाटात जोरदार पाऊस’ हे शब्द एकाला सावधगिरीची सूचना वाटतात, तर दुसऱ्याला आमंत्रण वाटते. मग भाडी चढतात. ज्याची रजा लवचीक आहे तो मधल्या वारी जातो आणि स्वस्तात राहतो. शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेला शिक्षक आणि शनिवार-रविवारच्या सुटीवर अवलंबून असलेला कारकून मात्र सर्वांत महाग दिवशी जातो. भाव चढणे हा काही स्वतःमध्ये गुन्हा नव्हे. त्यामुळे थोडीबहुत गर्दी इतर दिवसांवर वाटली जाते. तथापि, अंदाजाच्या प्रत्येक फेरबदलाबरोबर जो आपला दिवस किंवा आपला दर बदलू शकत नाही, तोच या बाजारात दुबळा ठरतो, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

अनिश्चितता आणि ठरलेली बंदी यांतील भेदही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. गेटवे ते मांडवा ही प्रवासी जलवाहतूक पावसाळ्यात बंद असते. जंजिरा आणि सिंधुदुर्ग या किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्याही त्या काळात थांबतात. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, कारण ही बंदी दरसालची असते आणि हंगामाच्या हिशेबात ती आधीच धरलेली असते. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली मोजता येणारी जोखीम आणि मोजता न येणारी अनिश्चितता यांत जो फरक केला, तो हाच. जोखीम हिशेबात बसते, अनिश्चितता बसत नाही. मे २०२५ चा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. हवामान खात्याने मोसमी पाऊस केरळात २७ मे रोजी, चार दिवस मागेपुढे, पोहोचेल असे सांगितले होते. तो २४ मे रोजी पोहोचला, म्हणजे अंदाज आपल्या मर्यादेत अचूक ठरला. परंतु त्याच दिवशी अरबी समुद्रातील कमी दाबाच्या तीव्र क्षेत्राने रत्नागिरी-दापोलीच्या बाजूने किनारा ओलांडला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. उन्हाळी सुटीचा शेवटचा भाग धरून बसलेल्या कोकणातील व्यावसायिकाच्या दृष्टीने हंगाम पंधरा दिवस आधीच संपला. अंदाज खरा ठरला तरी तोटा टळत नाही, एवढे यावरून दिसते.

फसलेला इशारा म्हणजे चूक नव्हे

‘वेधशाळा सांगते आणि पाऊस पडत नाही’ ही आपल्याकडील जुनी थट्टा आहे. तिच्यात विनोद असेल, विचार मात्र नाही. एका साध्या हिशेबाने हे पाहता येईल. समजा, एखाद्या होडीवाल्याची एका दिवसाची कमाई चार हजार रुपये आहे आणि वादळात सापडल्यास होडीचे नुकसान चाळीस हजारांचे आहे. मग वादळाची शक्यता शेकडा दहाहून अधिक असेल त्या दिवशी होडी न काढणे हेच शहाणपणाचे ठरते. नेमकी दहा टक्के शक्यता असलेले दहा दिवस धरले, तर त्यांपैकी सुमारे नऊ दिवस समुद्र शांतच राहील. ते नऊ दिवस फुकट गेले असे होडीवाल्याला वाटेल. पण अंदाज चुकला असे म्हणता येणार नाही, कारण सांगितलेली शक्यता दहातील एकच होती. आणि जेथे होडीऐवजी माणसांचे प्राण पणाला लागलेले असतात, तेथे तर याहून कमी शक्यतेलाही इशारा द्यावा लागतो.

म्हणजे इशारे हे प्रत्यक्ष आपत्तींहून संख्येने अधिक असणारच. किंबहुना ते तसे असावेत, यातच समाजाचे हित आहे. दरडी आणि पूर यांचा या राज्याला आलेला अनुभव कटू आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण, २२ जुलै २०२१ रोजी तळिये आणि १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळवाडी ही गावे दरडीखाली सापडली. अशा प्रदेशात वेधशाळेने हात राखून इशारे द्यावेत, असे कोणताही सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की त्या शांत गेलेल्या नऊ दिवसांचा खर्च कोणी द्यावा? तो समाजाच्या सुरक्षिततेचा खर्च आहे. आज तो होडीवाला, घोडेवाला, कणसे भाजणारी बाई आणि चार खोल्यांचा मालक यांच्याकडून वसूल होतो. इतरांना त्याची झळ फारशी लागत नाही.

यात भर पडते ती इशाऱ्याच्या ढोबळपणाची. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७३. एका जिल्ह्याला एकच रंग देणे हे अशा भूगोलाला धरून नाही. हवामान खात्याने अलीकडे पुणे, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या घाटभागासाठी स्वतंत्र इशारे देण्यास आरंभ केला, ही स्वागतार्ह सुधारणा आहे. पण बातमीत ‘जिल्ह्याला लाल इशारा’ एवढेच उरते आणि पन्नास कोसांवरच्या कोरड्या गावातली खोलीही रद्द होते.

लपविण्याचा मोह

येथवरची चर्चा तोट्याची झाली. परंतु खरा धोका याच्या पुढचा आहे. ज्या व्यवस्थेत प्रत्येक खऱ्या सूचनेची किंमत सांगणाऱ्याच्या खिशातून जाते, तेथे सत्य सांगणारे कमी होतात. पाहुण्याने फोनवर पावसाची चौकशी केली की ‘इकडे काही नाही, या बिनघोर’ असे उत्तर देण्याचा मोह यजमानाला होणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या बाजूला पाहुण्याची अवस्थाही तशीच. ज्याने परत न मिळणारे आठ हजार रुपये भरले आहेत, तो नोकरदार गृहस्थ लाल इशारा ऐकूनही ‘पैसे बुडविण्यापेक्षा जाऊन तर येऊ’ असे म्हणतो. एका बाजूस लपविण्याचा मोह आणि दुसऱ्या बाजूस दुर्लक्ष करण्याची सक्ती, अशी ही गाठ पडते. मग सहा किलोमीटरच्या चौकटीत कितीही सूक्ष्म अंदाज दिला, तरी अनामत रकमेची एक अट त्याला निष्प्रभ करू शकते.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जणांना प्राण गमवावे लागले. दोन्ही दिवस रविवार होते, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. अशा दुर्घटनांनंतर बंदीचे आदेश निघतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ने आणि २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रशासनाला तसे अधिकारही आहेत. परंतु सरसकट बंदीचा फटका बेफिकीर आणि सावध अशा दोघांनाही सारखाच बसतो. ज्याने पाहुण्यांना धबधब्यापासून दूर ठेवले, त्याचाही धंदा बसतो. सावधगिरीला बक्षीस नाही आणि बेफिकिरीला वेगळा दंड नाही, अशा स्थितीत सावधगिरी वाढावी कशी?

उपाय कराराचा आहे

यावर उपाय वेधशाळेला सौम्य भाषा वापरावयास लावणे हा नव्हे. पर्यटनाला मारक ठरतात म्हणून इशारे आवरावेत, ही मागणी कोणत्याही व्यासपीठावरून झाली तरी ती फेटाळलीच पाहिजे. उपाय आहे तो इशाऱ्याची किंमत आधीच, लेखी स्वरूपात वाटून घेण्याचा.

पहिली गोष्ट आगाऊ रकमेची. मुक्कामाच्या ठिकाणासाठी अधिकृत लाल इशारा असेल किंवा प्रशासनाने ते स्थळ बंद केले असेल, तर आगाऊ रक्कम जप्तही होऊ नये आणि यजमानाला ती तात्काळ परतही करावी लागू नये. ती वर्षभरात दुसऱ्या तारखेसाठी आपोआप लागू व्हावी, असा नियम राज्याला आपल्याकडे नोंदलेल्या निवासस्थानांसाठी करता येईल. युरोपीय संघाच्या २०१५च्या निर्देशाने सहलीच्या ठिकाणी अपरिहार्य व असाधारण परिस्थिती उद्भवल्यास प्रवाशाला दंडाशिवाय करार रद्द करण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आहे. पण अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे न्यावी लागते. आठ हजार रुपयांसाठी राज्य आयोगाची पायरी कोण चढणार? म्हणून कज्ज्यापेक्षा आधीचा स्पष्ट नियम बरा.

दुसरी गोष्ट विम्याची. कोकणातील आंबा आणि काजू बागायतदारांना हवामानावर आधारित फळपीक विमा योजना परिचित आहे. अवेळी पाऊस, तापमान आणि वारा यांची हवामान केंद्रावरील नोंद ठरावीक मर्यादेबाहेर गेली, की बागेत पंचनामा न करता भरपाई देय होते. ज्या कुटुंबाची बाग या विम्याखाली येते, तेच कुटुंब अनेकदा पाहुण्यांच्या खोल्याही चालविते. मोहोराचे नुकसान भरून मिळते आणि बंदीच्या दिवसांचे मिळत नाही, या भेदाला सबळ कारण दिसत नाही. हंगामात ठरावीक संख्येहून अधिक दिवस लाल इशारा किंवा बंदी राहिली, तर दर दिवसामागे निश्चित रक्कम मिळावी आणि विम्याच्या हप्त्याचा काही वाटा सरकारने उचलावा, असा प्रयोग एखाद्या तालुक्यापासून सुरू करता येईल. त्यामुळे वेधशाळेवर इशारे देण्यासाठी दडपण येईल, अशी शंका घेतली जाईल. ती रास्त आहे. म्हणूनच इशारा देणारी आणि पैसे देणारी यंत्रणा पूर्णपणे वेगळी असली पाहिजे. पण इशारा न देण्याचे दडपण आजही संभवतेच, आणि ते अधिक घातक आहे.

तिसरी गोष्ट भाषेची आणि हिशेबाची. इशारा तालुक्याचा, घाट आणि किनारा यांत भेद करणारा आणि शक्यतेचा आकडा सांगणारा असावा. बंदीच्या आदेशात नेमके स्थळ आणि संपण्याची वेळ असावी. पावसाळा संपल्यावर प्रत्येक जिल्ह्यात किती लाल इशारे दिले, किती प्रत्यक्षात उतरले आणि किती वेळा इशारा नसताना अतिवृष्टी झाली, याचा ताळेबंद सामान्य माणसाला समजेल अशा मराठीत प्रसिद्ध व्हावा. शक्यतेच्या भाषेत दिलेल्या अंदाजाची परीक्षा कशी करावी, याची रीत ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९५० सालीच घालून दिली आहे. ज्याचा हिशेब दिसतो त्याच्यावर विश्वास बसतो. मग थट्टेला फारसा वाव राहत नाही.

या सर्वांना खर्च येईल, हे खरे. पण खर्च आजही होतोच आहे. फरक एवढाच, की आज तो कोणाच्या वहीत दिसत नाही, कारण ज्यांच्याकडून तो वसूल होतो त्यांच्याकडे वह्या नसतात. लाल इशाऱ्याच्या शुक्रवारी दापोलीच्या यजमानाने पाहुण्याला स्वतःहून फोन करावा आणि ‘या आठवड्यात येऊ नका, पुढच्या महिन्यात या, तुमचे पैसे माझ्याकडे सुरक्षित आहेत’ असे सांगणे त्याला परवडावे, एवढेच साधायचे आहे. ते साधेपर्यंत दोन हजार कोटींच्या यंत्रणेतून निघालेल्या इशाऱ्याचे मोल त्या फोनवर काय बोलले जाते यावरच अवलंबून राहील.